दही वर्ज्य

५ जानेवारी, रविवार

नवीन वर्ष, नवीन डायरी. इथल्या मराठी मंडळाच्या उत्तमरावांनी दिली. त्यांच्या जुन्या विमा ऑफिसातली आहे, प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलेला. सुविचार वाचायचे नाहीत असं ठरवलं आहे. ही रोजनिशी फक्त माझ्यासाठी.

यंदा जयपूर सुटणार.

पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य फोनवर म्हणाले की माणसांवर केलेला एखादा नीट अभ्यास दाखवा, जूनमध्ये प्रोफेसरच्या जागेसाठी तुमचा विचार करू. विचार करू म्हणजे झालंच. सीकर रोडवरचं हे फार्मसी कॉलेज, मुरलीपुऱ्यातला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात फ्रीज. अकरा वर्षं कोंडल्यासारखी काढली. दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणायचो, पण यंदाचं 'पुढच्या वर्षी' खरं आहे. गार्गीला सांगितलं. ती कणीक मळत होती, बरं म्हणाली. तिला आनंद पटकन दाखवता येत नाही.

विषय: पोटात घ्यायची प्रोबायोटिक्स आणि बायकांच्या चेहऱ्याची त्वचा. आतड्यातले चांगले जंतू वाढले तर चेहरा सुधारतो का, एवढंच बघायचं. निम्म्या बायकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण आत नुसता स्टार्च. कुणाला कोणती, ते त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. बाटल्यांवर फक्त नंबर. कोणता नंबर खरा ते फक्त सी-स्कीममधल्या कॅप्सूल कंपनीला ठाऊक. याला डबल ब्लाइंड म्हणतात. ब्रह्मदेवाचा बाप आला तरी फोडू शकणार नाही.

कॉलेजच्या मुली आधी तयार होत्या. मार्चअखेरपर्यंत फेशियल नाही, नवीन क्रीम नाही, हे ऐकून पळाल्या. म्हणून मंडळाच्या बायका घेतल्या. एका अर्थी बरंच झालं. आपली माणसं, शिकलेली, बँकेतल्या नि सरकारी अधिकाऱ्यांच्या घरची. माझ्या शब्दाला मंडळात वजन आहे.

गार्गीला अभ्यासात घेतलं नाही. घरचं माणूस घेतलं तर निष्पक्षपणा राहत नाही. तिला बाटल्या वाटायचं काम दिलं. काही बोलली नाही. समजूतदार आहे.

८ जानेवारी, बुधवार

बनी पार्कात मंडळाच्या खोलीवर पहिली मोजणी. ओलावा मोजायचं मीटर गालावर टेकवलं की आकडा येतो. मीटर नीट चालतंय ना हे बघायला आधी माझ्याच गालावर लावलं. आकडा इतका खाली की मीटर बिघडलंय असं वाटलं. बिघडलं नव्हतं. तारामती काकूंनी (उत्तमरावांच्या सौ., मंडळाचा सगळा कारभार खरं तर यांच्याच हातात) विचारलं की यात बीपी पण कळतं का.

नियम सांगितले. दही, ताक, लस्सी, इडली, डोसा, ढोकळा पूर्ण वर्ज्य, कारण बाहेरून जंतू गेले तर कॅप्सूलचा परिणाम कसा कळणार? काकू म्हणाल्या की ताकभात नाही, तर मग जेवण संपलं हे माणसाला कळणार कसं? शुभदा वहिनींनी विचारलं की कढी चालेल का, कढी उकळलेली असते. प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चांगला होता. तरी नाही म्हटलं. एकदा फट ठेवली की हत्ती शिरतो.

सगळ्या गंभीर चेहऱ्याने घरी गेल्या. पटलं त्यांना.

११ जानेवारी, शनिवार

कडाक्याची थंडी. घरी दही लागत नाही. गार्गीने पातेलं आधी तांदळाच्या डब्यात ठेवलं, मग तनयाच्या शाळेच्या स्वेटरमध्ये गुंडाळलं, काल माझा मफलर घेतला. सकाळी बघतो तर दूध ते दूधच, वरून आंबूस. मी मफलरशिवाय कॉलेजला गेलो आणि दिवसभर शिंकलो.

मला दही वर्ज्य नाही, मी अभ्यासात नाही. तरी दही नाही. गावाचाच दोष आहे. पुण्यात जानेवारीतसुद्धा सुरीने कापावं असं दही लागायचं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अख्खं शहर गच्चीवर पतंग उडवायला. सकाळपासून लाउडस्पीकर आणि 'वो काटा'च्या आरोळ्या. तनया मैत्रिणींबरोबर शेजारच्या गच्चीवर, गार्गी पण. मी दारं-खिडक्या लावून आकडेवारी करत बसलो.

फोन मात्र बंद करता येत नाही. शुभदा वहिनी: तिळगूळ चालेल का. चालेल. परत वहिनी: गुळाची पोळी? चालेल. कुणीतरी: कॅप्सूल घेतल्यापासून स्वप्नं पडतात, हे त्यात धरायचं का. वहिनी तिसऱ्यांदा: तिळगूळ दोनदा खाल्ला. यांना 'कधीही फोन करा' असं मीच म्हणालो होतो. एक वाक्य माणसाला किती महागात पडतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

संकष्टी. सकाळी सात वाजता काकूंचा फोन. कॅप्सूलचं वरचं आवरण कशाचं असतं म्हणे. शाकाहारी आहे, झाडापासून करतात असं सांगितलं. कुठल्या झाडापासून, विचारलं. मला ते झाड सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या की त्यांच्या भाच्याने जिलेटिनचं वाचून दाखवलंय, आणि आज तर उपास.

मी वाद घातला नाही. शास्त्रज्ञाने लवचीक असावं. आवरण उघडून आतली पावडर कोमट दुधातून घेतली तरी चालेल, असा निर्णय दिला आणि तो ग्रुपवरही टाकला. काकूंचा लगेच अंगठा आला. संशोधनात असे छोटे, वेळेवरचे निर्णयच तारून नेतात.

२० जानेवारी, सोमवार

आज जेवायला दही! पांढरंशुभ्र, घट्ट, वाटी उलटी केली तरी पडलं नाही. मी खरंच उलटी करून बघितली. गार्गी म्हणाली की विरजण काकूंकडून आणलंय. मी लगेच हात थांबवला आणि विचारलं की काकूंच्या घरी दही कसं? दही वर्ज्य आहे. ती म्हणाली की उत्तमराव खातात. समाधान झालं. दोन वाट्या खाल्ल्या.

जेवताना कोथरूडच्या फ्लॅटबद्दल बोललो. आई गेल्यापासून बंद आहे, रंग द्यावा लागेल. हॉलला ऑफ व्हाइट, तनयाच्या खोलीला फिकट निळा, स्वयंपाकघरात टाइल्स. बराच वेळ बोललो. गार्गी मध्ये काहीतरी सांगणार होती, मग राहिलं.

२१ जानेवारी

दही. दोन वाट्या.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. आज हळदीकुंकवाचा मोसम संपला, सुटलो. जवळजवळ तीन आठवडे गार्गी घरी कमी आणि बनी पार्कात जास्त. आज येताना पिशवीभर झाकणाचे छोटे स्टीलचे डबे घेऊन आली. प्रत्येकावर चिकटपट्टी, त्यावर पेनाने नंबर. विचारलं तर म्हणाली वाणाचं आहे, उघडून दाखवू का? मी म्हटलं नको, मला बायकांच्या गोष्टींत पडायचं नाही. पण नंबर घालायची पद्धत आवडली. डबे अदलाबदल होत नाहीत. माझ्या शिस्तीचा मंडळावर परिणाम दिसतोय.

९ फेब्रुवारी, रविवार

मी केलेला ग्रुप ('त्वचा संशोधन, जयपूर') सुनसान आहे. कुणालाच शंका नाहीत, म्हणजे सगळं सुरळीत. गार्गीचा फोन मात्र दिवसभर टुंग टुंग वाजत असतो.

दुपारी शुभदा वहिनींचा तिला फोन. पलीकडून रडल्याचा आवाज. गार्गी समजूत घालत होती: असली काय नि नकली काय, आपण वाटून घेतोय ना, मग झालं तर. फोन ठेवल्यावर मी विचारलं काय झालं. म्हणाली की वहिनींची नकली निघाली. मी तिला हॉलमार्कचं महत्त्व समजावून सांगितलं आणि जोहरी बाजारात बोर्ड बघून शिरू नये हेही. शांतपणे ऐकून घेतलं तिने. सोन्याच्या बाबतीत बायका भोळ्या असतात.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मधली मोजणी. थक्क झालो.

खऱ्या कॅप्सूलवाल्या सुधारणार आणि नकलीवाल्या होत्या तिथेच राहणार, म्हणजे आकड्यांचे दोन गठ्ठे दिसायला हवेत. दिसतोय एकच. सगळ्याच सुधारल्या! सरसकट! थोडा वेळ गोंधळलो. मग लक्षात आलं की परिणाम इतका जोरदार आहे की फरक शोधावा लागतोय. असे निकाल शतकात एखाद्याच्याच वाट्याला येतात. पुण्याला मेल टाकला: 'प्राथमिक निष्कर्ष अत्यंत उत्साहवर्धक.' मीटर तपासायला माझ्या गालावर लावलं तर माझा आकडाही वर. मन प्रसन्न असलं की चेहऱ्यावर दिसतंच.

रात्री गार्गी म्हणाली की तिच्या शाळेत हिंदी-संस्कृतच्या विभागप्रमुखाचं पद तिला देऊ करतायत. मी म्हटलं की जूनमध्ये आपण इथे नसणार, नाही सांगून टाक. बरं म्हणाली. वाईट वाटलं मला, पण मोठ्या गोष्टीसाठी छोटी सोडावी लागते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुण्याचं उत्तर. ५ एप्रिलला ऑनलाइन निवड समितीसमोर निकाल मांडायचे.

आमच्या विभागाचे माथुर सर म्हणाले की पेपरवर पहिलं नाव त्यांचं घालावं, 'देख लीजिएगा, पुष्करजी.' कंपनीवाले म्हणतात की आधीचे-नंतरचे फोटो मार्चमध्येच हवेत, बोर्ड लावायचाय. वर माझं कंत्राट मेमध्ये संपतंय, ते वाढवायचं का हेही माथुर सर याच महिन्यात विचारतायत. सगळ्या बाजूंनी आवळतायत. पण ५ एप्रिलपर्यंतच. मग मी मोकळा.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता घरात राहायचीही सोय उरली नाही. अनुश्री (मंडळात सगळ्यात लहान, नवरा बँकेत, समोरच्याच इमारतीत राहते) रोज संध्याकाळी हनुवटीवरचा फोड दाखवायला येते. नणंदेचं लग्न आहे, तिला अभ्यासातून नाव काढून घ्यायचंय. मी सोडत नाही. एक गेली की दहा जातील. आज बेल वाजली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसलो. ती गार्गीशी गप्पा मारत बसली. मी बादलीवर बसून होतो. बराच वेळ.

भाजीवाल्याच्या गाडीपाशी शुभदा वहिनींनी भर रस्त्यात गाल पुढे केला आणि हात लावून बघायला सांगितलं. भाजीवाला माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होता. त्यानंतर त्याने कोथिंबीर फुकट दिली नाही.

१ मार्च, शनिवार

अनुश्रीचा चेहरा एका दिवसात आरशासारखा! फोड गायब. जवळ आली तर गुलाबाचा वास. प्रोबायोटिक्स कधी कधी अशी एकदम उसळी घेतात. नोंद केली. तिला विचारलं की चेहऱ्याला काही लावलंस का. नाही म्हणाली, फक्त सी-स्कीमला, पार्लरवाल्या गल्लीत, सहज चक्कर मारून आले.

८ मार्च, शनिवार

महिला दिनाला मंडळाने माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. महिला दिनाला सत्कार झालेला मी पहिलाच पुरुष असेन. काकू म्हणाल्या की जयपूरचा हिवाळा किती अवघड जायचा, यंदा डॉक्टरांच्या कृपेने घरोघरी चांगला गेला. बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काही हसतही होत्या, आनंदाने. मी दोनदा आभार मानले. नेमकं काय अवघड जायचं ते विचारायचं राहिलं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. ग्रुपवर ठळक अक्षरांत टाकलं: कुणीही रंग खेळू नये, चेहऱ्यावर रसायनं जातात. सगळ्यांचे अंगठे आले. दुपारी बनी पार्कातले फोटो आले. एकीचाही चेहरा ओळखू येत नाही.

मी आतून कडी लावून बसलो. बाल्कनीतून खाली बघितलं तर गार्गी आणि तनया कंपाउंडमध्ये, बिल्डिंगच्या सगळ्यांबरोबर. खालच्या शर्मा वहिनींनी गार्गीच्या डोक्यावर बादली ओतली आणि ती एवढ्या मोठ्याने हसली की वरपर्यंत ऐकू आलं. तनया मारवाडी गाण्यावर नाचत होती, शब्द पाठ. इथली शेवटची होळी म्हणून मनसोक्त खेळून घेतायत बिचाऱ्या.

२२ मार्च, शनिवार

वर्गात एका मुलीने विचारलं की सर, आप कौन सा फेसवॉश लगाते हैं? साबण, म्हटलं. मीटर लावून बघितलं. माझा आकडा सगळ्या बायकांच्या वर. नियमित दिनक्रम, दुसरं काय.

ठराव: ५ एप्रिलपर्यंत कुणाशीही वाद नाही. गार्गीला पॅकिंगचे खोके जमवायला सांगितलं. अजून एकही आणलेला नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. शेवटची मोजणी आणि मंडळाचं जेवण एकाच दिवशी ठेवलं होतं, म्हणजे सगळ्या हजर. मोजणी अकराला संपली. आकडे अप्रतिम. अजून एकच गठ्ठा.

मग पंगत. दर वर्षी श्रीखंड डब्यातलं असतं, यंदा घरी केलेलं. तीन वेळा वाढून घेतलं. असं श्रीखंड मी लहानपणानंतर खाल्लं नव्हतं, आणि तसं मी उभं राहून जाहीरही केलं. नियम आजच संपला होता, म्हणून बायकांनाही मोठ्या मनाने परवानगी दिली. काकू म्हणाल्या की अहो, श्रेय तुमचंच. आणि मग माइक घेऊन त्यांनी सगळं सांगितलं. मी पुरी हातात धरून ऐकलं.

संकष्टीला त्यांनी माझ्या सल्ल्यानुसार कॅप्सूल कोमट दुधात रिकामी केली. तेवढ्यात फोन आला आणि पेला ओट्यावर, शेगडीजवळ तसाच राहिला. सकाळी पेल्यात दही. जयपूरच्या थंडीत, दगडासारखं. त्यांनी शुभदा वहिनींना सांगितलं. वहिनींनी करून बघितलं, लागलं नाही. तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की काही बाटल्या असली आहेत आणि काही नकली. मग हळदीकुंकवाला प्रत्येकीने आपल्या बाटलीतली एकेक कॅप्सूल आणली, सगळ्या डब्यांत सारखं दूध घातलं, प्रत्येकीने आपापला नंबर चिकटवला. सकाळपर्यंत अख्ख्या अभ्यासाचा निकाल स्टीलच्या डब्यांत लागलेला होता. जो निकाल फक्त कंपनीला माहीत होता.

नकलीवाल्यांना फार वाईट वाटलं. काहींना रडू आलं. आपल्यात असा दुजाभाव कधी नव्हता, काकू माइकवर म्हणाल्या. म्हणून असली कॅप्सूल एकत्र केल्या, विरजण घरोघरी वाटलं, आणि तेव्हापासून मंडळातलं प्रत्येक घर तेच दही खातंय. नवरे, पोरं, सासवा, सगळे. आजचं श्रीखंडही त्याचंच. आणि बघा, सगळ्यांचेच चेहरे उजळले, म्हणजे डॉक्टरांचा प्रयोग शंभर टक्के यशस्वी!

टाळ्या. उत्तमरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ते पण तुकतुकीत दिसत होते. मी पण टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार, सगळे माझ्याकडे बघत होते.

३१ मार्च, सोमवार

सुट्टी घेतली. गणगौरीची मिरवणूक आहे, बाहेर बँड. मला कुठेच जाता येत नाही.

गार्गीला विचारलं की तुला कधीपासून माहीत होतं. जानेवारीपासून, म्हणाली. काकूंनी सगळ्यात आधी तिलाच फोन केला होता, डॉक्टरांना सांगू का म्हणून. ती म्हणाली की मी सांगते. आणि त्या दिवशी सांगणारच होती. पण मी जेवताना कोथरूडच्या खोल्यांचे रंग सांगत होतो आणि थांबलोच नाही. तिच्या हातात दह्याचं भांडं होतं. तिने ते मला वाढलं आणि ठरवलं की नाही सांगायचं.

मी म्हटलं, म्हणजे तू मुद्दाम. ती म्हणाली, हो, मुद्दाम. आवाज चढवला नाही. म्हणाली की तुझा अभ्यास झाला असता तर तू आम्हाला उचलून पुण्याला नेलं असतंस. तिथे मला कोण ओळखतं? माझी शाळा इथे, माझ्या मैत्रिणी इथे, तनयाचं दहावीचं वर्ष इथे. अकरा वर्षं या घरात आम्ही स्टेशनवरच्या वेटिंग रूममध्ये राहावं तशा राहिलो, भिंतीला खिळा मारायचा नाही, कुंडी घ्यायची नाही, कारण पुढच्या वर्षी जायचंय. मला अभ्यासात घेतलं नाहीस, मी काही बोलले नाही. पण पुण्याच्या बेतातही घेतलं नाहीस. विभागप्रमुखाचं तिने हो सांगून टाकलंय, फेब्रुवारीतच.

मी म्हणालो की तू दर वेळी बरं म्हणायचीस. ती म्हणाली की 'बरं' म्हणजे काय, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

मला फार राग आला. नंतर राग कुणावर आहे ते कळेना, आणि ते जास्त वाईट होतं.

२ एप्रिल, बुधवार

विचार केला. अजून सगळं हातचं गेलेलं नाही. नाव बदलायचं: 'एका स्थलांतरित समाजगटातील सामूहिक दधिसेवन आणि त्वचा.' भारदस्त वाटतं. तुलनेला दही न खाणारे हवेत. मंडळात तसं कुणी उरलेलं नाही.

सगळ्यात स्वच्छ आकडे एकाच व्यक्तीचे आहेत. सुरुवातीपासून मोजलेले, रोज दोन वाट्या, क्रीम नाही, फेशियल नाही, रंग नाही. पण अभ्यास स्त्रियांवर आहे आणि ती व्यक्ती मी आहे.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी ११. समितीला उत्साहवर्धक बाजूच सांगायची, असं रात्री ठरवलं होतं. शर्ट-टाय, खाली पायजमा. दार लावून घेतलं.

दुपारी. पडद्यावर तिघंजण होते. मी पहिली स्लाइड लावली आणि माझ्या तोंडून जे खरं तेच बाहेर पडलं. काकू, पेला, डबे, श्रीखंड, सगळं. का ते माहीत नाही. तिघंही पोट धरून हसले. एका बाईंनी विचारलं की दूध किती कोमट घ्यायचं, आणि लिहून घेतलं. शेवटी प्राचार्य म्हणाले की खूप छान वाटलं, मोकळेपणाने बोललात, पण एक सांगायचं राहूनच गेलं. ती जागा फेब्रुवारीतच भरली. आतल्याच एका माणसाला दिली. आजचं बोलावणं आधी ठरलेलं होतं म्हणून रद्द नाही केलं. तुम्ही गैरसमज करून घेऊ नका.

लॅपटॉप मिटवला. फेब्रुवारीपासून मी ज्या दारावर धडका मारत होतो त्याच्यामागे खोलीच नव्हती. माथुर सरांना फोन केला, कंत्राट वाढवायला तयार आहे म्हटलं. तीन वर्षांचं आहे म्हणाले. हो म्हटलं.

दार उघडलं तर गार्गी आणि तनया बाहेरच बसलेल्या. सांगितलं की जागा गेली, पुणं नाही. तनयाने विचारलं की मतलब, आपण जात नाही ना, पक्कं? पक्कं, म्हटलं. तिने आधी आईला मिठी मारली, मग माझ्याकडे बघून चेहरा पाडला. गार्गीनेही दुःखी दिसायचा प्रयत्न केला. मनापासून केला, पण जमला नाही. गाल, डोळे, कपाळ, सगळं आतून दिवा लावल्यासारखं. चेहऱ्यांचा अभ्यास करणारा माणूस मी, आणि हा चेहरा मी किती वर्षांत पाहिला नव्हता ते मला आठवेना. वाईट वाटलं, आणि तिच्याकडे बघत राहावंसंही वाटलं.

मी तिला विचारलं की तुला इथे काय काय आवडतं.

ती म्हणाली की सांगायला बराच वेळ लागेल, आधी जेवून घे.